कुंडीतला बांबू

माझ्या अंगणात एका कुंडीत बांबूचे रोप होते. मानवेल जातीचे. पहिले वर्ष ते मजेत वाढले. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी पडू लागली. नवा कोंब येईना. मला वाटले, खत कमी पडते. म्हणून मी ताजे शेण घातले. झाले उलटेच! पानांची टोके करपली.

शेजारच्या बाई सुपे-टोपल्या विणतात. बांबूवरच त्यांचे पोट. त्यांनी कुंडी पाहिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, याला भूक नाही लागली. पाय पसरायला जागा नाही याला."

त्यांचे म्हणणे खरे होते. बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. ऊस, भात, ज्वारी यांच्याच कुळातले. त्याचा कंद जमिनीखाली असतो. आल्याचा गड्डा कसा बाजूला वाढतो? तसाच हा कंद वाढतो. त्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात. कुंडी भरली की मुळे आत गोल गोल फिरतात. माती उरत नाही. घातलेले पाणी लगेच खालून निघून जाते. असे दिसले की समजावे, कुंडी बदलायला हवी.

कुंडी केव्हा बदलावी? पावसाच्या तोंडाशी, कोंब फुटण्याआधी. कोवळा कोंब फार नाजूक असतो. धक्का लागला की मोडतो.

आता रीत सांगतो.

नवी कुंडी जुनीपेक्षा चार बोटे रुंद घ्यावी. तिच्या बुडाला भोक हवेच. त्यावर खापरी ठेवावी. दोन वाटे माती, एक वाटा वाळू आणि एक वाटा कुजलेले शेणखत एकत्र करावे. ताजे शेण नको. ते मुळांना बाधते. मी ते भोगले आहे!

आदल्या संध्याकाळी रोपाला पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून कडेने थापटावी. गड्डा सुटून येतो. काठी धरून ओढू नये. गुंतलेली मुळे बोटांनी मोकळी करावी. काळी, कुजलेली मुळे कापावी. मग रोप पूर्वीइतकेच खोल लावावे. माती दाबावी. वर दोन बोटे जागा ठेवावी. खालून निथळेपर्यंत पाणी घालावे.

पुढे पंधरा दिवस रोप सावलीत ठेवावे. थोडी पाने गळतील. घाबरू नये. महिनाभर खत देऊ नये. बोट मातीत घालून पाहावे. वरची माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे.

माझ्या कुंडीत दहा-बारा काड्या होत्या. बाई म्हणाल्या, "याचे दोन करा की!" आम्ही धारदार कोयत्याने गड्डा कापला. दोन्ही भागांना काड्या, मुळे आणि डोळे आले पाहिजेत, एवढे पाहिले. अर्धा भाग मी नव्या कुंडीत लावला. अर्धा बाईंना दिला.

त्यांनी तो परसात लावला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा केला. घराची भिंत दूर ठेवली, कारण बेट पसरते. कुंडीतला बांबू बारीकच राहतो. जमिनीत दरवर्षी आधीपेक्षा जाड कोंब येतो. कोंब ज्या जाडीचा निघतो, त्याच जाडीची काठी होते. ती पुढे उंच होते, जाड होत नाही.

बेट तयार झाले तरी सगळे कापू नये. तीन वर्षांच्या जुन्या काठ्या तोडाव्या. कोवळ्या राखाव्या. पावसाळ्यात तोड करू नये.

१९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत धरला होता. २०१७ साली तो त्यातून वगळला. त्यामुळे आपल्या शेतात किंवा परसात बांबू लावणाऱ्याची सोय झाली.

लग्नसराईत सुपांना मागणी असते. पण बाईंना बांबू विकत आणावा लागतो. पैसा तिथेच जातो. यंदा त्यांच्या परसात करंगळीएवढे दोन कोंब आले. त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवले. म्हणाल्या, "चार-पाच वर्षं थांबू, गुरुजी. मग सूप घरच्या बांबूचं!"

तुमच्या कुंडीतला बांबू पिवळा पडला आहे का? आधी त्याची मुळे पाहा.