कागद स्वस्त, वाचन अवघड

मे २०२१मध्ये, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ या घरच्या घरी करायच्या चाचणीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मान्यता दिली. किंमत तेव्हा अडीचशे रुपये. नाकातला स्वॅब आपला आपण घ्यायचा, द्रावणात घोळवायचा, थेंब पट्टीवर सोडायचे आणि जास्तीत जास्त पंधरा मिनिटं थांबायचं. त्यात एक अट होती. ज्या मोबाइलवर ॲप घेऊन नोंदणी केली, त्याच मोबाइलने पट्टीचा फोटो काढायचा. एक रेघ उमटली की दोन, हे डोळ्यांना दिसतंच. मग फोटो कशाला? कारण स्वयंपाकघरात झालेली चाचणी सरकारी आकडेवारीत पोचवायला दुसरी वाट नव्हती. फोटो ही चाचणीची नोंद होती.

पण मोबाइलचं काम नोंदीपुरतं नाही. कागदाची चाचणी स्वस्त करण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. ती कोणी, कुठल्या उजेडात, किती वेळाने वाचली, हा प्रश्न अजून बाकी आहे आणि कॅमेऱ्याची खरी कसोटी तिथे लागते.

वाटा आखलेला कागद

कागदावर निदान करण्याची विद्या जुनीच. लघवीतली साखर दाखवणारी ‘क्लिनिस्टिक्स’ पट्टी हेलन आणि आल्फ्रेड फ्री या अमेरिकी दांपत्याच्या संशोधनातून १९५६मध्ये बाजारात आली. आपल्या उपकेंद्रात गरोदर बाईच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन आहे का, हे पाहायला परिचारिका (एएनएम) जी पट्टी वापरतात, ती त्याच जातीची. रक्तदाब वाढलेला असताना लघवीत प्रथिनंही सापडली, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. म्हणून या साध्या पट्टीला मोल आहे.

२००७मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने या पट्टीच्या पुढचं पाऊल टाकलं. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या साध्या कागदावर त्यांनी पाणी न शोषणाऱ्या बहुलकाच्या भिंती उभारल्या. दिव्याची वात तेल ओढते, तसा कागद थेंब ओढून घेतो. भिंतींमुळे तो आखलेल्या वाटांनीच जातो आणि वेगवेगळ्या कप्प्यांत पोचतो. एका कप्प्यात ग्लुकोज असेल तर तपकिरी रंग येतो, दुसऱ्यात प्रथिनं असतील तर पिवळ्याचा निळा होतो. ना पंप, ना वीज. पुढे २००९च्या सुमारास या भिंती मेणाच्या छपाईने होऊ लागल्या: मेणाची शाई वापरणाऱ्या प्रिंटरवर नक्षी छापायची आणि कागद तापवायचा, की मेण वितळून आरपार उतरतं.

याच गटाने २००८मध्ये आणखी एक कल्पना मांडली. चाचणी गावात करायची, कॅमेरा-फोनने फोटो काढून दूरच्या जाणकाराकडे पाठवायचा आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण किती, हे त्याने सांगायचं. स्मार्टफोन नुकते कुठे बाजारात येत होते, तेव्हाची ही गोष्ट.

कॅमेरा रंग बदलतो

कल्पना सोपी वाटते, पण मोबाइलचा कॅमेरा मोजमापासाठी बनवलेलाच नाही. फोटो छान दिसावा, हे त्याचं काम. ट्यूबलाइटखाली तो एक रंगछटा काढून टाकतो, संध्याकाळच्या उन्हात दुसरी. अंधारात उजेड वाढवतो. वाढदिवसाच्या फोटोत हे चालतं. लघवीच्या पट्टीवर मात्र फिकट हिरव्याचा गडद हिरवा झाला, तर अहवालच बदलतो. त्यात प्रत्येक कंपनीच्या फोनचा हिशेब निराळा.

यावरचा एक उपाय असा: पट्टीशेजारी ठरलेल्या रंगांचे चौकोन छापलेलं कार्ड ठेवायचं आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढायचा. चौकोनांचे खरे रंग सॉफ्टवेअरला ठाऊक असतात. त्या दिवशीच्या उजेडाने ते किती बदलले, हे पाहून पट्टीचा रंग तेवढाच दुरुस्त करता येतो. इस्रायलच्या हेल्दी डॉट आयओ या कंपनीची लघवी-तपासणी याच तत्त्वावर चालते. तिला २०१८मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने परवानगी दिली. वेळेचंही तसंच. पट्टी उशिरा पाहिली तर रंग पुढे सरकलेला असतो, कधी खोटी रेघही दिसते. ॲप घड्याळ लावतं आणि ठरल्या क्षणीच फोटो मागतं.

रेघेच्या चाचण्यांची अडचण वेगळी आहे. कोरोना, मलेरिया, एचआयव्ही यांच्या अनेक किटमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण प्रतिपिंडांसारख्या प्रथिनांना चिकटवलेले असतात. शोधायचा घटक नमुन्यात असला, की ते एका रेषेत अडकून लाल दिसतात. रेघ ठळक असेल तर वाद नाही. पुसट असेल, तर एक जण ‘आहे’ म्हणतो, दुसरा ‘नाही’. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात क्षेत्र-कार्यकर्त्यांनी काढलेल्या एचआयव्ही पट्ट्यांच्या ११ हजारांहून अधिक फोटोंवर संशोधकांनी संगणकाला शिकवलं. २०२१मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या या अभ्यासात, नेहमीच्या डोळ्यांनी केलेल्या वाचनाची अचूकता ९२.१ टक्के भरली, तर संगणकाची ९८.९. गडचिरोलीच्या पाड्यांवर आशाताई मलेरियाची अशीच रेघेची किट वापरतात. त्यामुळे हा फरक आपल्यासाठीही दूरचा नाही.

कॅमेऱ्याला न दिसणारं

तरीही कॅमेरा फक्त कागदावर उमटलेलं वाचतो. स्वॅब नीट घेतला नाही, पाकीट फुटून पट्टी पावसाळी हवेत ओलावली, थेंब कमी पडला, हे त्याला कळत नाही. चाचणी नीट चालली हे दाखवणाऱ्या ‘सी’ (कंट्रोल) खुणेपाशी रेघच आली नाही, तर चाचणी बाद, एवढं तो सांगेल. शरीरात विषाणूच कमी असेल तर उत्तम फोटोतूनही तो सापडणार नाही. म्हणूनच लक्षणं असूनही घरची चाचणी निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करा, असं आयसीएमआरने तेव्हाच बजावलं होतं.

भारतात १ एप्रिल २०२०पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आलं. ते योग्यच झालं, कारण इथे निम्मं निदान ॲप करतं. पण फोन दर वर्षी बदलतात, त्यांचे कॅमेरेही. एकदा पास झालेलं ॲप नव्या फोनवर पुन्हा तपासावं लागणार.

उद्या एखाद्या जिल्हा परिषदेने अशा पट्ट्या घ्यायचं ठरवलं, तर निविदेत नगाचा दर सगळ्यात वर असेल. त्याच्याखाली आणखी तीन रकाने हवेत. कुठकुठल्या फोनवर तपासलं? कुठल्या उजेडात? आणि पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाचा फोटो कोणत्या डॉक्टरकडे, किती वेळात पोचणार? हे रकाने कोरे राहिले, तर रुपयाची पट्टीही महाग पडेल.