ट्राम आली आणि वेधशाळा अलिबागला गेली
घाटकोपर-मुलुंडहून लोकलने कॉलेज गाठणाऱ्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असतं: तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, अंतर दुप्पट केलं की ते निम्मं होतं. याच नियमामुळे मुंबईची एक वेधशाळा हलली.

कुलाब्यात 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. आता हिशोब करून बघा. एका लांब सरळ तारेत 1000 अँपिअर धरले, तर 1 किलोमीटरवरही 200 नॅनोटेस्ला मिळतात. पृथ्वीच्या क्षेत्रात रोज होणारा नैसर्गिक चढउतार मात्र साधारण काही दहा नॅनोटेस्लांचाच! (रुळांतून परतणारा प्रवाह यातलं बरंचसं खोडून काढतो. सगळं नाही, कारण थोडी वीज जमिनीत झिरपते.)

म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, बांधकामात लोखंड टाळून. पण जागा बदलली की जुने-नवे आकडे जुळणार कसे? मला यातला हाच भाग सगळ्यात हुशारीचा वाटतो: 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं गेलं.

1907 मध्ये विजेची ट्राम धावली, तेव्हा नोंदी अलिबागला सुखरूप होत्या.