डिझेल इंजिनाचे हेड घरी उतरवताना

सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेले जाडजूड झाकण. पण त्याच्या पोटात वाल, इंजेक्टर, हवेच्या वाटा, तेलाची भोके आणि कूलंटचे बोगदे असे सगळे एकमेकांना खेटून असते. फियाटचे 1248 सीसीचे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होत असे. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत ते बसले की त्याला ‘देशाचे इंजिन’ असे गमतीचे नाव पडले. त्याच्या एका सिलिंडरचा व्यास 69.6 मिलिमीटर. आजच्या डिझेल इंजिनांत ज्वलनाच्या क्षणी 150 बारच्या घरात दाब जातो, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान असलेल्या त्या वर्तुळावर साडेपाच टनांहून अधिक भार येतो. हा भार हेड आणि त्याखालचे पातळ गॅस्केट सेकंदाला कित्येक वेळा सोसत असतात.

हेड बिघडते ते बहुधा गाडी गरम झाल्याने. मल्टिजेटप्रमाणे अनेक डिझेल गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. फूटभर ॲल्युमिनियम 80 अंशांनी तापले की अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक लांबते. बीड त्याच्या निम्मेच. दोघांना बोल्टांनी जखडलेले असल्याने मर्यादेबाहेर तापलेले हेड वाकते, गॅस्केट उडते, कधी दोन वालांमधल्या अरुंद पट्टीला तडा जातो. कूलंट दिसेल अशा गळतीशिवाय कमी होणे, थंड गाडी सुरू करताच रेडिएटरचा वरचा पाइप टणक होणे, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येणे, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, तेलाला दुधाळ चहासारखा रंग येणे, या त्याच्या खुणा. मात्र मूळ दोष बऱ्याचदा बाहेरच असतो: अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप, न फिरणारा पंखा किंवा कूलंटऐवजी वर्षानुवर्षे भरलेले नळाचे पाणी. तो न शोधता हेड नवे केले, तर पहिल्याच लांब घाटात तेच नाटक पुन्हा सुरू होते.

हेड इंजिन पूर्ण थंड असतानाच उतरवायचे. बॅटरी सोडावी, कूलंट काढावे. मल्टिजेटसारख्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब 1400 ते 1600 बारपर्यंत जातो. चालू इंजिनाचा इंधन पाइप सैल केल्यास डिझेलची धार कातडीत घुसते. पाइप सुटताच त्यांच्या तोंडांना टोप्या लावाव्यात, कारण धुळीचा एक कण इंजेक्टर निकामी करायला पुरतो. इंजेक्टर ज्या सिलिंडरमधून निघाला तिथेच परत जायला हवा, म्हणून त्याच्यावर क्रमांक घालावा. कार्बनने धरलेले इंजेक्टर आणि ग्लो प्लग ओढताण केली की मोडतात. रात्रभर भेदक तेल सोडून दुसऱ्या दिवशी हात लावलेला बरा. टायमिंगची चेन किंवा पट्टा काढण्याआधी कंपनीच्या पद्धतीने क्रँक आणि कॅम पिनांनी अडकवून ठेवावे लागतात. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल करायचे; एकाच बाजूने सोडले तर चांगले हेडही वाकू शकते.

सुटलेल्या हेडवर बहुतेकांचा हात आधी खरवडायला जातो आणि चूक तिथेच होते. बिडाची हेड कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकण्याची जुनी पद्धत ॲल्युमिनियमला चालत नाही, सोडा धातूच खातो. ड्रिलला लावलेली घासणारी चकती त्याहून घातक. ती मऊ धातूत न दिसणारे खड्डे पाडते आणि तिची धारदार पूड तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचते. जुने गॅस्केट रसायनाने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने काढावे.

मग मोजमाप. सरळ पोलादी पट्टी हेडच्या पृष्ठभागावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरून खाली फिलर गेजचे पान सरकवून पाहायचे. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. अनेक हेडांना तेवढा वाकही चालत नाही, नेमकी मर्यादा त्या गाडीच्या पुस्तकात असते. पेट्रोलचे हेड वाकले की फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करून घेणे सरधोपट समजले जाते. डिझेलमध्ये ते इतके सोपे नाही. पिस्टन वर आला की त्याच्यात आणि वालात फट जेमतेम उरते. हेड थोडे कापले की वाल खाली येतात, इंजेक्टरचे टोकही पुढे सरकते. म्हणूनच अनेक कंपन्या डिझेल हेड कापण्याची मुभाच देत नाहीत, आणि काही इंजिनांना पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅस्केटची जाडी निवडावी लागते. तडा शोधण्याचे काम मशिन शॉपचे. तिथे सगळी तोंडे बंद करून हेड गरम पाण्यात बुडवतात आणि कूलंटच्या बोगद्यांत हवा भरतात. घमेल्यात सायकलची ट्यूब धरून पंक्चर शोधतात, तसेच बुडबुडे पाहायचे.

घरी मनापासून करण्यासारखे काम म्हणजे वाल बसवणे. मल्टिजेटमध्ये ते सोळा असतात. पुठ्ठ्याला सोळा भोके पाडून प्रत्येक वाल आपापल्या क्रमाने खोचून ठेवावा, कारण प्रत्येकाची आपल्या सीटशी जोडी जमलेली असते. कडेला ग्राइंडिंग पेस्टचे बारीक टिपके लावून वाल गाइडमध्ये सोडायचा, डोक्याला रबरी चोखणीची काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळव्यांमध्ये ताक घुसळणाऱ्या रवीसारखी मागेपुढे फिरवायची. अधूनमधून वाल उचलून जागा बदलायची. सुरुवातीला खरखर ऐकू येते, पेस्ट मुरली की आवाज मऊ होतो. पुसून पाहिल्यावर वालावर आणि सीटवर सलग, सारख्या रुंदीचा राखाडी पट्टा दिसला की थांबावे. तो कुठे तुटला असेल किंवा सीटला खड्डे असतील, तर आणखी घासून उपयोग नाही. वाल आत धसत जातो आणि दाब कमी होतो. अशी सीट यंत्रावरच कापून घ्यावी लागते. वाल गाइडमध्ये लटपटत असला तरी हेड मशिन शॉपलाच जाते. पेस्टचा कण मागे राहिला तर गाइड झिजवतो, म्हणून धुणे दोनदा. नवे ऑइल सील चढवून स्प्रिंग बसवल्यावर हेड उलटे ठेवून वालांच्या डोक्यांभोवती थोडे डिझेल ओतावे. काही मिनिटांत ते झिरपले नाही तर वाल बसले.

जोडणीत एक बारीकशी गोष्ट ब्लॉक फोडू शकते. बोल्टच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेले असेल तर उतरणारा बोल्ट पंपासारखा त्याला दाबतो आणि बीड चिरते. ती भोके कोरडी करायचीच. गॅस्केट नवे आणि कोरडे. एकदा ताणले गेलेले बोल्ट बहुतेक इंजिनांत पुन्हा वापरत नाहीत. नवे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने आधी टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आणि मग ठरलेल्या अंशांत फिरवून आवळतात. टायमिंग जुळवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. कुठे अडले तर स्टार्टर नको, चूक शोधावी.

शेवटी तेल आणि फिल्टर बदलून, कूलंट भरताना हीटर चालू ठेवून आतली हवा काढावी. पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन जागीच चालवावे. रात्रभर थंड झाल्यावर सकाळी टाकीतली पातळी पाहावी, ती थोडी खाली गेलेली असते, तेवढी भर घालावी. त्यानंतरही बाहेर कुठे गळती नसताना पातळी रोज उतरतच राहिली, तर हेड पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.