मुळशीच्या भातासाठी वर्षभराची पाऊसनोंद

पुणे शहराच्या पावसाचा आकडा पाहून मुळशीत खत टाकू नका. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पिरंगुटकडे येईपर्यंत तो झपाट्याने घटतो. म्हणून शिवारात, झाडे व घरांपासून दूर, स्वतःचे पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी ८.३० वाजता मोजा. हवामान खातेही त्याच वेळी २४ तासांचा पाऊस नोंदवते. कोरड्या दिवशी शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. १ मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी! खाचर भरून वाहत असताना टाकलेला युरिया ओढ्याला जातो. उघडीप पाहून, पाणी कमी करून, विभागून द्या. ऑक्टोबरच्या नोंदी चुकवू नका, कापून पसरलेला इंद्रायणी त्याच पावसात भिजतो.