सुपारीचा फुटबॉल

शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहत वाढलेल्या कोल्हापूरकराला फुटबॉल शिकवायला नको. अमेरिकेतला फुटबॉल मात्र निराळा; चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडायचे. तेथील न्यू ऑर्लिन्स सेंट्स या धंदेवाईक संघात २००९ ते २०११ पर्यंत सुपारी चाले, असे लीगच्या चौकशीत आढळले. प्रतिस्पर्ध्याला धरून बाहेर न्यावे लागले तर १,००० डॉलर. तो परतलाच नाही तर १,५००. वर्गणी बहुतांशी खेळाडूंची, कारभार प्रशिक्षक ग्रेग विल्यम्सचा. लाखो कमावणाऱ्यांना ही रक्कम चिल्लरच. माझ्या मते, खरी धास्ती संघातली जागा जाण्याची.

२०१२ मध्ये संघाला ५ लाख डॉलर दंड झाला, मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन वर्षभर निलंबित झाला, चार खेळाडूही. खेळाडूंची युनियन भांडली. अपिलात माजी आयुक्त पॉल टॅग्लियाबू यांनी तिघांचे वर्तन गैर ठरविले, तरी प्रशिक्षकांचा व चालकांचा दोष मोठा मानून चौघांच्याही शिक्षा रद्द केल्या.

मी युनियनवाला, मला हे पटते. पण ज्याचा गुडघा मोडतो त्याला पटेल का? शिरोलीत जादा नगांसाठी प्रेसचा गार्ड काढायला लावतात, आणि बोट तुटले की जबाब ऑपरेटरचा घेतात. त्याचे निदान स्वतःचे बोट जाते. इथे मोडणारा गुडघा दुसऱ्या कामगाराचा होता.