घोटी ते नागपूर : रात्री जागं कोण राहणार?

मंडळी, नागपूरला निघताना आपण पहिला हिशेब किलोमीटरचा करतो. घोटीजवळच्या भरवीरहून समृद्धी महामार्गाने नागपूर सुमारे 600 किमी. मोटारीला ताशी 120 ची मर्यादा, म्हणजे कागदावर पाच तास. चहा-जेवण, विश्रांती धरून सात-आठ. विमान हवेत दीड तासच असतं. पण मुंबईचा विमानतळ गाठायला कसारा घाट उतरायचा, वेळेआधी पोचायचं. घरापासून दारापर्यंत मोजलं तर फारसं काही वाचत नाही. विदर्भ एक्सप्रेस रात्री नाशिकरोडला धरली की सकाळी नागपूर. तास जास्त, पण झोपेचे.

म्हणून दुसरा हिशेब करू : रात्री जागं कोण राहणार? रेल्वेत लोको पायलट वाटेत बदलतात. आपल्या मोटारीत चालवणारा बहुधा एकच, आणि सरळ, एकसुरी रस्त्यावर डुलकी येतेच. 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. कारणांवर बरीच चर्चा झाली. वेळ मात्र मध्यरात्रीनंतरची होती.

तेव्हा चौघं असू, सामान असेल, तर मोटार जरूर काढू, पण पहाटे. रात्रीचा प्रवास रेल्वेचा. आणि आरक्षण पक्कं झालं नाही, तर रात्री स्टिअरिंग धरण्यापेक्षा सकाळपर्यंत थांबलेलं बरं.