घरचीं भांडीं आणि त्यांवरचीं नांवें

घराची वाटणी होते तेव्हां जमिनीचा निवाडा कागदांवरून लागतो, दागिन्यांचा सोनाराच्या कांट्यावर लागतो, आणि सर्वांच्या शेवटीं माळ्यावरचीं भांडीं खालीं उतरतात. हंडा एकाकडे जातो, घंगाळ दुसऱ्याकडे. वजन जमेना म्हणून घंगाळासोबत एक परात आणि दोन पातेलीं देण्यांत येतात. हिशेब बिनचूक असतो. तरीही एखादी वयस्क बहीण कोपऱ्यांतलें लहानसें फुलपात्र उचलते, पदराखालीं धरते आणि काय केल्या सोडीत नाहीं. मन दुखावतें तें बहुधा ह्या फुलपात्रावरून, हंड्यावरून नव्हे. असें कां व्हावें ?

ह्याचें उत्तर पुष्कळदां भांड्याच्या कांठावरच लिहिलेलें असतें. तांब्यापितळेचें भांडें घेतलें कीं त्यावर नांव घालून घ्यावयाचें, ही महाराष्ट्रांतील घरोघरची रीत. कारागीर लहानशी छिन्नी व हातोडी घेऊन टिंबाला टिंब जोडून अक्षरें काढी. ह्या रीतीचा पहिला उपयोग अगदीं व्यावहारिक होता. लग्नामुंजींत शेजारपाजारचीं भांडीं मागून आणीत, आणि कार्य उरकल्यावर तीं ज्याचीं त्याला परत करण्यास नांवाचाच आधार असे. परंतु नांवासोबत प्रसंगही आला. रुखवतांत आलेली कळशी, मामानें दिलेली परात, मुंजींतील पळी-पंचपात्री, ‘मातोश्रींचे स्मरणार्थ’ म्हणून वाटलेलीं भांडीं, ह्या सर्वांवर मिति व शक घालण्याची पद्धत पडली. शकांत अठ्ठ्याहत्तर मिळवले म्हणजे इसवी सन निघतो. माघ-फाल्गुनाची मिति असल्यास एकूणऐंशी मिळवावे. शके १८५० च्या वैशाखांतील लग्न म्हणजे १९२८ सालचें आणि त्याच शकाच्या फाल्गुनांतील लग्न १९२९ सालचें, हें घरांतील शाळकरी मुलासही सांगतां येईल.

ह्यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जुन्या काळीं स्त्रीचें नांव जमिनीच्या उताऱ्यावर क्वचित् चढे, घराच्या दस्तऐवजांत क्वचित् येई. लग्नांत तर तें बदललेंही जाई. पण माहेरच्या माणसांनीं आधींच घालून ठेवलेलें मूळ नांव भांड्यावर तसेंच राही. आजीचें माहेरचें नांव काय होतें, हें नातवंडांना कधीं कधीं कळतें तें भांडें घांसतांना. अशा भांड्याची किंमत तराजूंत कशी उतरावी ?

भांडें टिकलें हेंही आपोआप झालेलें नसतें. तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यांत ताक, आमटी, चिंचेचें सार असा आंबट पदार्थ राहिला, तर धातूचा अंश त्यांत उतरतो. पदार्थ कळकतो आणि पोटास बाधतो. म्हणून आंतून कल्हई. कल्हईवाला भांडें स्वच्छ करून भट्टीवर तापवी, नवसागराची पूड टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्यानें तें कथील क्षणार्धांत सर्वत्र पसरवी. लगेच भांडें पाण्यांत बुडवी. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें, तांब्यास हजारांहून अधिक अंश लागतात; ह्या अंतरामुळेंच ही विद्या साधते. कल्हईचें भांडें रिकामें चुलीवर ठेवूं नये, असें घरांतील वडील स्त्रिया बजावीत, त्याचें कारणही हेंच. कांस्याचें मात्र वेगळें. तांब्याशीं सुमारें पंचमांश कथील मिसळून तें होतें. त्याला नाद गोड, पण हातांतून पडलें तर तडा जातो. पिढ्यान्पिढ्या आलेलें कांस्याचें ताट म्हणजे कित्येक हातांनीं संभाळलेलें ताट होय.

पुढें दिवस पालटले. न गंजणारें पोलाद १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यांनीं तयार केलें. स्वातंत्र्यानंतरच्या कांहीं दशकांत त्याचीं भांडीं आपल्या स्वयंपाकघरांत रुळलीं. त्यांना कल्हई नको, चिंच-राख नको. ज्या स्त्रियांचे हात पितळ घांसून सोलवटले होते, त्यांनीं हीं भांडीं आनंदानें घेतलीं, आणि त्यांत त्यांचें कांहींच चुकलें नाहीं. चूक झाली ती दुसरीकडे. जुनीं भांडीं मोडींत निघालीं तीं वाचून न पाहतां. वजन झालें, घट वजा झाली, पैसे हातीं आले. आणि कांठावरचें नांव भट्टींत गेलें.

येथें न्यायाचाही एक प्रश्न आहे. विवाहप्रसंगीं माहेरहून मिळालेली वस्तु हें स्त्रीधन, हें धर्मशास्त्रकारांनीं फार पूर्वींच मान्य केलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेंत स्त्रीधनाची व्याप्ति बरीच विस्तृत धरली आहे. हिंदु उत्तराधिकार अधिनियम, १९५६, ह्याच्या चौदाव्या कलमानें हिंदु स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी ठरली. ती मृत्युपत्र न करतां वारल्यास तिचे मुलगे, मुली व पति ह्यांना सारखाच हक्क पोंचतो. म्हणजे आईच्या नांवाची कळशी भावांनींच आपसांत वांटून घेणें, ही रीत कितीही रुळलेली असली, तरी न्याय्य नव्हे. पदराखालीं फुलपात्र धरणारी बहीण हट्ट करीत नसते; ती आपला हक्कच मागत असते, आणि तोही फार थोडा.

मग वाटणी कशी करावी ? प्रथम सर्व भांडीं घांसून स्वच्छ करावीं आणि त्यांवरचीं नांवें मोठ्यानें वाचावीं. घरांतील वृद्ध स्त्री हयात असतांनाच तिला जवळ बसवून कोणतें भांडें कोणाचें, कोणत्या प्रसंगाचें, हें विचारून एका वहींत लिहून ठेवावें; कारण कांठावर नांव असतें, हकीकत नसते. ज्यांवर नांव नाहीं तीं खुशाल तोलून वांटावीं. ज्यांवर आहे तीं त्या नांवाशीं ज्याची अधिक जवळीक, त्याला द्यावीं, मग तराजू थोडा कलला तरी हरकत नाहीं. आणि मिळालेलें भांडें पुन्हां माळ्यावर टाकूं नये. कळशींत पाणी भरावें, ताम्हण देव्हाऱ्यांत असावें, कांस्याच्या ताटांत सणावारीं तरी जेवावें.

वस्तु वापरांत राहिली म्हणजे तिच्याविषयीं कोणी तरी विचारतें, आणि कोणी तरी सांगतें. एखाद्या सकाळीं फुलपात्र पुसतां पुसतां लहान मूल अक्षरें लावूं लागतें व ‘ही कोण ?’ म्हणून विचारतें. त्या प्रश्नाचें उत्तर देणारें माणूस घरांत असलें, म्हणजे वाटणी नीट झाली असें समजावें.